गहाणकर्ज क्षतिपूर्ती विमा : हप्ता कोणाचा, संरक्षण कोणाला?

विम्याचा हप्ता जो भरतो त्यालाच विम्याचे संरक्षण मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. गृहकर्जाच्या क्षेत्रातील एक विमाप्रकार या समजाला छेद देतो. ब्रिटनमध्ये ‘मॉर्टगेज इंडेम्निटी गॅरंटी’ या नावाने रूढ झालेल्या या विम्याचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घराच्या किमतीच्या साधारणतः ७५ टक्क्यांपर्यंतचे कर्ज ब्रिटिश बिल्डिंग सोसायट्या सुरक्षित मानीत. त्याहून अधिक कर्ज दिल्यास वरच्या, जोखमीच्या भागापुरता विमा उतरविला जाई. विमापत्र संस्थेच्या नावे असे. एकरकमी हप्ता मात्र कर्जदाराकडून घेतला जाई. पुष्कळदा तो कर्जातच मिळविला जाई व त्यावर व्याजही चढे.

उदाहरणादाखल, ६०,००० पौंडांच्या घरावर ५७,००० पौंड कर्ज घेतले असे मानू. ७५ टक्के म्हणजे ४५,००० पौंड. उरलेले १२,००० पौंड विम्याच्या कक्षेत येतात. या भागावर ८ टक्के दर धरल्यास हप्ता ९६० पौंड होतो. पुढे हप्ते थकले, घर जप्त झाले आणि सर्व कर्ज बाकी असताना ते ४४,००० पौंडांना विकले गेले, तर तूट १३,००० पौंडांची. विमा कंपनी संस्थेला १२,००० पौंड देते. कर्जदाराच्या देण्यातून मात्र एक पौंडही कमी होत नाही. भरपाई देणारी कंपनी धनकोच्या जागी उभी राहते व तीच रक्कम कर्जदाराकडून मागू शकते. कायद्याच्या भाषेत यास ‘सब्रोगेशन’ म्हणतात. तेव्हा ९६० पौंडांत कर्जदाराने विकत घेतले ते संरक्षण नव्हे. हाताशी पुरेशी बचत नसताना कर्ज मिळण्याची ती किंमत होय.

ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळली. १९८९ नंतर घरांच्या किमती घसरल्या, व्याजदर चढे राहिले आणि १९९१ या एकाच वर्षात सुमारे ७५,००० घरे धनकोंनी ताब्यात घेतली. किल्ल्या परत केल्या की व्यवहार मिटला, विमा तर भरलेलाच आहे, अशा समजुतीत असलेल्या कुटुंबांना काही वर्षांनी तुटीच्या मागणीची पत्रे आली. मुद्दलाच्या वसुलीस कायद्याने १२ वर्षांची मुदत होती. फेब्रुवारी २००० मध्ये कर्जदात्यांच्या संघटनेने, घराच्या विक्रीपासून सहा वर्षांच्या आत वसुलीस प्रारंभ करण्याचे बंधन स्वेच्छेने स्वीकारले. पुढे या आकारास ‘हायर लेंडिंग चार्ज’ असे नाव रुळले. त्यात विमा हा शब्दच नाही, आणि तेच अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

भारतात रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये गहाणकर्जाची हमी देणाऱ्या कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २०१२ मध्ये इंडिया मॉर्टगेज गॅरंटी कॉर्पोरेशन स्थापन झाले. येथेही हमीचा लाभ धनकोलाच मिळतो. आपल्याकडे गृहकर्जासोबत बहुधा सुचविला जातो तो कर्जदाराचा जीवनविमा. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास त्यातून विमापत्राच्या अटींनुसार कर्ज फिटते व घर वारसांकडे राहते. दोन्हींचा हप्ता कर्जात मिळविता येत असल्याने कागदोपत्री ते सारखे भासतात. म्हणून लाभार्थी कोण, हे सही करण्यापूर्वी पाहणे अगत्याचे. घर विकूनही कर्ज फिटले नाही, तर उरलेल्या रकमेसाठी कर्जदाराविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अथवा सक्षम न्यायालयाकडे जाण्याची मुभा २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(१०) ने धनकोस दिलेली आहे.