घरातला जुना डेस्कटॉप: अपग्रेड करायचा की नवीन घ्यायचा?

आपला फोन तीन-चार वर्षांत बदलतो, पण घरातला डेस्कटॉप दहा-बारा वर्षं एकाच टेबलावर असतो. बाबांचे हिशेब त्यावर, आईने जपलेले फोटो त्यावर, आणि प्रिंट काढायची वेळ आली की तोच लागतो. मग तो चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घ्यायला लागला की घरातले सगळे आपल्याकडे बघतात. कारण "तुला मोबाइलमधलं सगळं कळतं ना?"

आमच्या घरचा डेस्कटॉप २०१३ सालचा आहे. इंटेलचा आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्क. असं कॉन्फिगरेशन त्या काळात खूप घरांत आलं होतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊन सांगतो.

सगळ्यात आधी: फोटो आणि फाइल्स

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे काम करा. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते, ती झिजते. दहा वर्षं जुनी डिस्क आज चालते म्हणजे उद्या चालेलच असं नाही. महत्त्वाचं सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा आणि जे अगदीच गमवायचं नाही ते गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणीही ठेवा. कॉम्प्युटर पुन्हा विकत मिळतो, आजीचे फोटो मिळत नाहीत.

नेमकं काय हळू आहे?

"कॉम्प्युटर स्लो झालाय" हे झालं लक्षण. कारण शोधायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स टॅबवर जा आणि नेहमीची कामं सुरू करा: ब्राउझरमध्ये चार टॅब, एक व्हिडिओ, एक एक्सेल शीट.

- डिस्क सतत १०० टक्के, मेमरी मोकळी: हार्ड डिस्क मागे पडतेय.
- मेमरी ९० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज डिस्कवर जागा वापरतं, म्हणून अशा वेळी डिस्कही १०० टक्के दिसू शकते.
- सीपीयू सतत १०० टक्के: प्रोसेसर थकलाय, किंवा मागे एखादा नको असलेला प्रोग्रॅम चालू आहे.

आणखी एक गंमत. कॉम्प्युटर चालू केला की तारीख दरवेळी मागे जाते आणि वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत? बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. त्यासाठी नवीन कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही!

पैसे कुठे घालायचे?

आता मुख्य मुद्दा. कुठलाही पार्ट घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: *उद्या हा कॉम्प्युटर बंद पडला, तर हा पार्ट माझ्यासोबत पुढे येईल का?*

पुढे येणारे पार्ट: एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस. यांत घातलेले पैसे सहसा वाया जात नाहीत.

इथेच राहणारे पार्ट: रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड. आमच्या मदरबोर्डला डीडीआर३ रॅम लागते. नवीन कॉम्प्युटरमध्ये डीडीआर४ किंवा डीडीआर५ असते. तिन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. प्रोसेसरचंही तसंच, त्याचा सॉकेट पिढीनुसार बदलतो.

म्हणून पहिला खर्च एसएसडीवर. हार्ड डिस्कला एखादी फाइल शोधायला साधारण १० मिलीसेकंद लागतात, कारण तबकडी फिरून योग्य जागी यावी लागते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिथे हे काम शंभरपटीने लवकर होतं. आमच्या एच६१ बोर्डवर साटा पोर्ट जुन्या वेगाचा आहे, त्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने चालत नाही. तरीही कॉम्प्युटर चालू होणं आणि प्रोग्रॅम उघडणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फक्त घेताना २.५ इंची साटा एसएसडीच घ्या. नवीन लॅपटॉपमध्ये वापरतात ती पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी लावायला अशा बोर्डवर जागा नसते. पुढे लॅपटॉप घेतलात तर हीच साटा एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून एक्स्टर्नल डिस्क म्हणून वापरता येते.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करणं फायद्याचं, पण जुनी डीडीआर३ स्वस्तात मिळाली तरच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या शहरातल्या रिपेअरवाल्याकडे अशी रॅम मिळते. दुकानातच लावून, चालू करून बघा.

विंडोज ११ चं काय?

इथे जुन्या डेस्कटॉपची खरी अडचण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा.

पिढी नावातच असते. आय३-३२२० मधला पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. आय५-८४०० आठवी. आकडे पाच असतील तर पहिले दोन बघा: आय५-१०४०० म्हणजे दहावी.

तुमचा प्रोसेसर बसत नसेल तर तीन वाटा आहेत:

१. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सिक्युरिटी अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देणारी योजना ठेवली आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते.

२. लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टीम. ब्राउझर, ऑफिसची कामं आणि मराठी टायपिंग व्यवस्थित होतं. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते. पण टॅली त्यावर थेट चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा.

३. नवीन मशीन.

युक्त्या वापरून जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायचे व्हिडिओ भरपूर आहेत. मायक्रोसॉफ्ट ते करू नका असंच सांगतं आणि अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर घरच्यांचं नेटबँकिंग चालतं, तिथे मी हा प्रयोग करणार नाही.

कधी थांबायचं?

मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत, धूळ साफ करूनही कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, किंवा पार्टचा एकूण खर्च नव्या मशीनच्या एक तृतीयांशावर जातोय? मग थांबा. एक तृतीयांश हा माझा अंदाजाचा हिशेब आहे, पण दुकानात मोह आवरायला उपयोगी पडतो.

आम्ही काय केलं?

दुकानदार काका म्हणाले, "जुना आय७ टाकतो, १६ जीबी रॅम करतो, रॉकेट होईल!" ऐकायला भारी होतं, पण हे सगळे "इथेच राहणारे" पार्ट. शिवाय तो आय७ ही तिसऱ्याच पिढीचा, म्हणजे विंडोज ११ चा प्रश्न तसाच. माझी बहीण यंदा बारावीला आहे. पुढच्या वर्षी तिला कॉलेजसाठी लॅपटॉप लागणार आणि घरचं बजेट एकच. दुकानात गेलेला प्रत्येक रुपया तिच्या लॅपटॉपमधून कमी होणार होता.

म्हणून आम्ही फक्त एसएसडी आणि ४ जीबीची एक जुनी रॅम घेतली. मुदतवाढीची नोंदणी केली. मुदत संपली की या डेस्कटॉपवर इंटरनेट बंद, फक्त बाबांची टॅली आणि प्रिंटर. उरलेले पैसे लॅपटॉपसाठी बाजूला ठेवले.

तुमच्या घरी उत्तर वेगळं असू शकतं. प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर एसएसडी आणि रॅम टाकून तो आणखी काही वर्षं आरामात चालेल. आज रात्री एवढंच करा: टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसरचं नाव, रॅम आणि डिस्कचा टक्का कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. जुना कॉम्प्युटर देऊन टाकायचा झाला तर आधी डिस्क पूर्ण पुसा आणि मग ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावरच द्या.