घाटात बोटं आधी का बधिरतात?

जानेवारीतली पहाट. वाईहून पसरणी घाट चढताना मित्र मागे बसून मजेत गाणी म्हणत होता आणि माझ्या बोटांना क्लच कुठे आहे तेच कळेना. थंडी दोघांना एकच, मग हा भेद का?

अंगाभोवती आपणच तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो, फुकटचं पांघरूणच ते. गाडी पळू लागली की वारा ते सतत ओढून नेतो. हवा १० अंशांची आणि वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशांची थंडी जाणवते. मागच्याला मात्र पुढच्याच्या पाठीचा आयता आडोसा! त्यात शरीर पक्कं धोरणी. काळीज-फुप्फुसं ऊबदार ठेवायला ते आधी हातापायांचा रक्तपुरवठा आखडतं घेतं.

पाचगणीत टपरीवाल्या काकांनी चहाबरोबर कालचा पेपर पुढे केला. "जॅकेटच्या आत, छातीशी घाला." घड्यांत अडकलेली हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही, वारा अडतो तो वेगळाच. फरक पडला.

वेण्णा तलावाकाठी गवतावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं. हवा शून्याच्या वर असतानाही असं हिम जमू शकतं. निरभ्र रात्री पाती आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही गार होतात, शिवाय जड, थंड हवा उतारावरून खोलगट जागी साचते. मित्राने ते नखाने खरवडून जिभेवर ठेवलं.

परतताना हँडल त्याच्याच हाती दिलं.