गोड गळ्याचा दाखला

बारावीचा निकाल लागून पुण्याच्या कर्वेनगरातील महाविद्यालयांच्या फाटकांशी पालकांची वर्दळ सुरू झाली, की प्रसारण आणि डिजिटल संज्ञापन या विद्याशाखेविषयी जे एक वाक्य मला हटकून ऐकावे लागते, ते असे : "मुलीचा आवाज गोड आहे हो, तिला मास कॉमला घालावे म्हणतो." मुलगा असेल तर आवाजाच्या जागी चेहरा येतो आणि तो 'टीव्हीला शोभतो' असे सांगितले जाते. अक्षर वळणदार आहे म्हणून मुलाला वकिलीस घालू, असे म्हणणाऱ्या गृहस्थास आपण हसू. परंतु गळ्याच्या गोडव्यावर विद्यापीठाचा दाखला मागणाऱ्यास मात्र आपण समजूतदार बाप मानतो. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आणि इतका चिवट आहे, की त्याचा समाचार थोडा विस्ताराने घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

या समजाचे मूळ आपल्या स्मरणाच्या खोडीत आहे; कारण प्रसारणातून आलेले आपल्याला आठवते ते आवाजाच्या रूपाने, आणि त्या आवाजामागे राबलेली योजना, लेखणी व वेळापत्रक यांची दप्तरी नोंदसुद्धा आपण ठेवीत नाही. पुण्यातलेच उदाहरण घ्यावे. 'गीतरामायण' म्हटले, की प्रत्येक मराठी माणसाच्या कानात सुधीर फडके यांचा स्वर उमटतो, आणि सारे काव्य त्यांनीच आकाशवाणीवर गाइले अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. वस्तुस्थिती अशी, की १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या त्या मालिकेत संगीत फडके यांचे असले, तरी गीते अनेक कंठांतून आली : माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, लता मंगेशकर आणि इतरही. एकट्या फडके यांनी गाइलेले गीतरामायण हे पुढील काळातील रंगमंचीय कार्यक्रमांचे आणि ध्वनिमुद्रिकांचे स्मरण होय. मूळ कल्पना केंद्राशी संबंधित असलेल्या सीताकांत लाड यांची. दर आठवड्यास एक नवे गीत, शुक्रवारी सकाळी प्रसारण आणि पुढील दोन दिवशी पुनःप्रसारण, असा मालिकेचा बांधेसूद क्रम. आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांचा हिशेब त्या वर्षी आलेल्या अधिक मासामुळे ५६ गीतांवर गेला. ज्याला आपण रससिद्धी म्हणून गौरवितो, तिच्या बुडाशी हा असा काटेकोर कार्यक्रम-आराखडा होता, आणि तो आखण्यासाठी कोणाचा गळा गोड असावा लागला नव्हता.

श्रोता कोण, तो कोणत्या घटकेस आणि काय करीत असताना ऐकतो, त्याला कोणता शब्द कळतो व कोणता अडतो, हे शोधून काढणे ही या विद्येची निम्मी तपश्चर्या आहे. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत कित्येक वर्षे रमले, ते त्यांना माणदेशी माणूस आतून ठाऊक होता म्हणून. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन संच पोहोचविणारा 'साइट' हा प्रयोग झाला, तेव्हा अभियंत्यांच्या जोडीस समाजशास्त्रज्ञही कामास लावावे लागले. कारण चित्र खेड्यात पोहोचले म्हणजे अर्थ पोहोचला, असे होत नाही. ज्या विद्यापीठाचा जन्म १९१६ साली याच भूमीत, तेव्हाच्या हिंगण्यात, महर्षी कर्वे यांच्या हातून झाला, त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कर्वे रस्त्यावरील आवारात मुलांसाठीच्या संज्ञापनमाध्यमांचा स्वतंत्र विभाग आहे, ही गोष्ट गोड आवाजाच्या वशिल्याने येणाऱ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावी. सहा वर्षांच्या मुलास काय कळते, हे आरशापुढे उभे राहून निवेदनाची तालीम केल्याने उमगत नाही.

दुसरा समज पहिल्याचाच धाकटा भाऊ : हे क्षेत्र गणित टाळणाऱ्यांसाठी आहे. कर्वेनगरातच कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालयात दूरसंचारशाखेच्या मुली 'डिजिटल कम्युनिकेशन' शिकतात, आणि तेथे निवेदनाचे नव्हे, तर नमुना-दर, मॉड्युलेशन आणि चुकांची दुरुस्ती यांचे पाठ असतात. कार्यक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याने ते सारे सिद्ध करून दाखवावे असे नाही. पण ध्वनी अंकांत उतरविताना त्यातील सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा त्याचा नमुना घ्यावा लागतो, एवढे तरी त्याला ठाऊक हवे. माणसाचा कान सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, म्हणून सीडीवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. जुन्या टेलिफोनच्या अंकीय पद्धतीत ते ८,००० असतात, म्हणजे ४,००० कंपनांवरचे सारे त्यातून गळून जाते. आईबापांनी नावाजलेला गोडवा पुष्कळदा याच गळतीत नाहीसा होतो, आणि घुमणाऱ्या खोलीत चुकीच्या अंतरावर ठेवलेला मायक्रोफोन उरलेले काम तमाम करतो.

"हल्ली काय, हातात मोबाईल आहे, परवाना कशाला?" असे विचारणारेही भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून उद्भवलेल्या खटल्यात, प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा लहरींवर बोलायचे, तर सरकारदरबारची सनद लागतेच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे १०७.४ मेगाहर्ट्‌झवरील 'विद्यावाणी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालते ते अशाच परवान्यावर. सामुदायिक रेडिओचा परवाना एकट्या व्यक्तीस मिळत नाही, राजकीय पक्षास तर नाहीच. प्रक्षेपणाची शक्ती सामान्यतः १०० वॅटपर्यंत असते, आणि स्वतः तयार केलेली वार्तापत्रे वाचण्याची मुभा नसते. आंतरजालावर परवाना लागत नाही हे खरे, परंतु बदनामीचा कायदा, माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० आणि २०२१ ची नियमावली ही तेथेही लागू आहेत, हे चॅनल काढणाऱ्या चिरंजीवांस बहुधा नोटीस आल्यावर कळते.

किरकोळ समजांची बोळवण थोडक्यात करतो. दहा सेकंदांपर्यंत कोणाचेही गाणे फुकट वापरता येते, ही अफवा प्रत्येक वर्गात नव्याने जन्मते. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात सेकंदांची अशी कोणतीही सवलत नाही. डिजिटल प्रक्षेपण नेहमीच निर्मळ असते असेही नाही. संकेत क्षीण झाला, की जुना रेडिओ खरखरत का होईना बोलत राहतो आणि अंकीय संच एकदम मुका होतो. आकाशवाणी हे सरकारी खाते आहे, असे सांगणाऱ्यांनी १९९७ साली प्रसार भारती ही वेगळी वैधानिक संस्था अस्तित्वात आल्याची नोंद घ्यावी. तिच्या स्वायत्ततेविषयी तक्रार करायची असेल तर ती त्यानंतर करावी. आणि पदवीवाचून या क्षेत्राचे दार बंद, असे शुल्क भरून घेताना कोणी सांगू लागला, तर तेही खोटे : पत्रकार वा निवेदक होण्यास पदवी हवी, असा कायदा या देशात नाही.