किलोमीटर जास्त, तास कमी

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे पृथ्वीच्या गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर साधारण १२,४०० किलोमीटर भरते. एअर इंडियाचे विमान मात्र सुरुवातीला पश्चिमेकडे, अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जाई आणि त्याला साडेसोळा तासांच्या आसपास वेळ लागे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच बदलली. विमान पूर्वेकडे निघाले, पॅसिफिक ओलांडून सुमारे १५,३०० किलोमीटर उडाले आणि साडेचौदा तासांत पोहोचले. भागाकार केला तर पहिल्या मार्गावर ताशी वेग पडतो सुमारे ८४०, दुसऱ्यावर १,०५५ किलोमीटर. इंजिने तीच, फरक पडला तो वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जाते. विमान ताशी नऊशेने जाते ते भोवतालच्या हवेच्या तुलनेत. ती हवाच सरकत असेल तर जमिनीवरचा हिशेब बदलणारच. म्हणून ‘विमानतळ किती लांब आहे’ या प्रश्नाला किलोमीटरचे उत्तर खरे असूनही अपुरे पडते.

लांबून गेल्यावर इंधन जास्त जळणार, ही शंका रास्त वाटते. पण इंधनाचा खर्च मुख्यतः विमान हवेत किती वेळ राहिले यावर ठरतो, खालून किती जमीन सरकली यावर नव्हे. दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: जाताना वाऱ्याने खाल्लेला वेळ येताना परत मिळतो, मग बिघडले काय? गणित मांडून पाहावे. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. वारा नसताना ताशी ९०० वेगाने आठ-आठ, असे जाऊन-येऊन सोळा तास. ताशी १०० चा वारा समोरून आला तर जायला नऊ तास आणि पाठीशी असला तर यायला सात तास बारा मिनिटे. बारा मिनिटे बुडालीच, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते. दिल्लीच्या विमानाने ही फसगतच टाळली: परतताना ते अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच निघे आणि पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करी!

वाऱ्याचा अंदाज तरी बांधता येतो, सरकारांचा तोही नाही. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द बंद झाल्यावर फिनएअरला हेलसिंकी–टोकियोसाठी उत्तर ध्रुवावरून जावे लागले. साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या आसपास गेला. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांचा वेळ वाढला. मुंबईच्या विमानाला अरबी समुद्रावरून बाहेर पडायला वाट आहे, त्यामुळे त्याला झळ कमी बसली.