घटकाभर बदलण्याची मुभा

एकाच चिपवर अनेक प्रोसेसर बसू लागल्यापासून प्रोग्रामरची एक जुनी डोकेदुखी वाढली आहे. एकाच वेळी चालणारे दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधील कामाचे दोन स्वतंत्र धागे, एकच यादी बदलू लागले, तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीखाली गाडली जाते. प्रोग्राम बंद पडतोच असे नाही. चुकीचे उत्तर मुकाट्याने पुढे जाते, हीच खरी आफत.

फंक्शनल पद्धतीच्या भाषांनी मुळावरच घाव घातला: एकदा तयार झालेली माहिती बदलायचीच नाही. रिच हिकी यांनी २००७ मध्ये जगापुढे आणलेल्या ‘क्लोजर’ भाषेत यादीत भर घातली की नवी यादी मिळते. जुनी जशीच्या तशी राहते. अर्थात, संपूर्ण यादीची नक्कल होत नाही. ती ३२-३२ फांद्यांच्या झाडासारखी रचलेली असते आणि बदलाच्या वाटेवरचे भागच नव्याने तयार होतात. तरीही दहा लाख नोंदी एकेक करून भरायच्या, तर हा खर्च जाणवतो.

त्यासाठी ‘ट्रान्झियंट’ची सोय आली. चाकावरच्या ओल्या मातीला कुंभार हवा तो आकार देतो; भाजलेल्या मडक्याला नाही. तसेच येथे यादी बांधून होईपर्यंत जागच्या जागी बदलायची आणि मग ‘पर्सिस्टंट’ ही आज्ञा देऊन गोठवायची. भाषेच्या अधिकृत माहितीतील चाचणीत दहा लाख आकड्यांचे काम यामुळे सुमारे ७४ मिलिसेकंदांवरून २० वर आले. झाडाच्या भागांवर मालकीची खूण असते. खूण जुळली तरच तो भाग जागीच बदलतो, अन्यथा त्याची प्रत काढली जाते. म्हणून मूळ यादीला धक्का लागत नाही.

पण चाकावरच्या मातीला दोघांनी हात घातला तर? सुरुवातीला भाषाच पहारा देत असे. ज्या थ्रेडने ट्रान्झियंट निर्माण केले, त्याखेरीज दुसऱ्याने ते बदलू पाहताच त्रुटी येई. २०१५ च्या १.७ आवृत्तीत हा पहारा उठला. ‘कोअर असिंक’सारख्या सुविधेत एकच काम आधी एका थ्रेडवर, नंतर दुसऱ्यावर चालू शकते. दोघे एकाच वेळी हात लावत नसतानाही तपासणी आडवी येई. गोठवल्यानंतर बदल करू पाहिल्यास मात्र त्रुटी आजही येते.

निर्णय व्यवहार्य खरा, पण फुकटचा नव्हे. पूर्वी भाषा ओरडून चूक सांगे. आता दोन थ्रेडनी एकाच वेळी ट्रान्झियंट बदलले, तर नोंदी गुपचूप गहाळ होऊ शकतात. म्हणूनच जाणते प्रोग्रामर ट्रान्झियंट एका फंक्शनच्या चार भिंतींआडच ठेवतात आणि बाहेर देतात ती गोठवलेली यादी.