मालकी सोडलेली वही

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी शास्त्रदानाचे बाह्य रूप काळाबरोबर सर्वांत अधिक बदलले. दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने दहाव्या शतकात पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या. पुढे छापील ग्रंथ आले. आज विद्येचा एक मोठा भाग संगणकाच्या आज्ञावलीच्या रूपात जगभर फिरतो. आगमाशी त्याची बरोबरी कोणी करू नये. परंतु देण्याची रीत पाहायची असेल, तर रिचर्ड हिप या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचे काम पाहण्याजोगे आहे.

त्यांच्या आज्ञावलीचे नाव एसक्यूलाइट. नाव ऐकलेले नसले तरी ती आपल्या खिशात आहे. भ्रमणध्वनीतील संपर्कांची यादी, व्हॉट्सअॅपवरील संदेश, ब्राउझरने लक्षात ठेवलेली पाने, हे सारे जिच्यात नोंदले जाते ती वही म्हणजे एसक्यूलाइट. वापरणाऱ्याला ती कधी दिसत नाही. पेढीवर गिऱ्हाइकाला गादीवरचे शेठ दिसतात, आतल्या खोलीत खतावणी लिहिणारे मुनीमजी दिसत नाहीत, तसेच हे काम.

तिचा जन्म मात्र आपल्याला थबकायला लावील अशा जागी झाला. २००० साली हिप अमेरिकन नौदलाच्या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेसाठी काम करीत होते. जहाजाला इजा होऊन नळ फुटले, तर कोणत्या झडपा बंद कराव्यात हे सांगणारी ती प्रणाली होती. म्हणजे काम बचावाचे; पण जहाज युद्धाचेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. माहिती एका वेगळ्या मोठ्या डेटाबेसमध्ये असे आणि तो बंद पडला की झडपांचे उत्तरच मिळेना. मग मध्ये हा कारभारी हवाच कशाला, माहिती सरळ डिस्कवरच्या एका फाइलमधून का वाचू नये, असा विचार हिप यांनी केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली.

या वहीची खरी थोरवी व्यापाऱ्याला चटकन कळेल. एका खात्यातून रक्कम नावे पडली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर? निम्मी नोंद ही चुकीच्या नोंदीहूनही वाईट. एसक्यूलाइट वहीचे पान बदलण्यापूर्वी जुन्या पानाची नक्कल वेगळ्या फाइलमध्ये उतरवते, ती डिस्कवर पक्की झाल्याची खात्री करते आणि मगच मूळ पानाला हात लावते. सगळे बदल पूर्ण झाले की ती नक्कल पुसली जाते. ती पुसली गेली तो क्षण म्हणजे व्यवहार पुरा झाल्याचा क्षण. मध्येच वीज गेली, तर पुढच्या वेळी वही उघडताना नक्कल शिल्लक दिसते आणि जुने पान पूर्ववत केले जाते. व्यवहार एकतर पूर्ण होतो किंवा झालाच नाही असे ठरते.

हे खरोखर तसेच घडते की नाही, याच्या तपासणीवर या मंडळींनी जो वेळ घातला त्याला तोड नाही. मूळ आज्ञावली सुमारे दीड लाख ओळींची. तिची परीक्षा घेणारा मजकूर तिच्या पाचशे पटींहून अधिक. लिहिता लिहिता वीज जाणे, स्मरणजागा संपणे, डिस्क बिघडणे असे प्रसंग मुद्दाम निर्माण करून ती पारखली जाते.

आता दानाचा भाग. मुक्त म्हणवणाऱ्या बहुतेक आज्ञावल्यांत कर्ता आपला हक्क राखून काही अटींवर वापराची परवानगी देतो. हिप यांनी हक्कच सोडला. ज्यांनी ज्यांनी यात भर घातली त्यांनीही मालकी सोडल्याची सहीनिशी प्रतिज्ञापत्रे दिली, आणि ती मूळ कागदपत्रे आगीपासून सुरक्षित अशा तिजोरीत ठेवलेली आहेत. मालकीचे दस्तऐवज तिजोरीत ठेवणारी घराणी आपण पुष्कळ पाहिली. मालकी सोडल्याचे दस्तऐवज इतके जपणारे विरळाच. याच कारणाने बाहेरच्या कोणाचीही भर ते सहजासहजी स्वीकारत नाहीत. दान निर्वेध असावे, त्यावर उद्या कोणी दावा सांगू नये, हा त्यामागचा हिशेब. आज्ञावलीच्या आरंभी जिथे कायद्याची सूचना असायची तिथे हिप यांनी शुभाशीर्वाद लिहिला आहे. वाचणाऱ्याच्या हातून भले घडावे, त्याने स्वतःला आणि इतरांना क्षमा करावी, घेण्याहून देणे अधिक असावे, असा त्याचा भाव. हिप ख्रिस्तधर्मीय, पण क्षमावाणीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणाऱ्याला हा भाव परका वाटणार नाही.

‘मग यांचे पोट कसे भरते?’ हा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो, विशेषतः मुलगा रात्र जागून असेच कोणाचे तरी विनामूल्य काम करीत असेल तेव्हा. प्रश्न योग्यच आहे. आज्ञावली फुकट, सेवा मात्र फुकट नाही. मोझिला, ब्लूमबर्ग यांसारख्या संस्थांनी एका संघाद्वारे वर्गणी देऊन हे काम चालते ठेवले. वर्गणी दिली म्हणून मालकी मात्र कोणालाच मिळत नाही. याहून गमतीचा प्रकार असा, की काही देशांच्या कायद्यात हक्क सोडण्याची कल्पनाच नीट बसत नाही. तेव्हा तिथल्या कंपन्यांचे वकील अस्वस्थ होतात. त्यांच्यासाठी ‘ही वस्तू तुम्ही निर्धास्त वापरा’ असे हमीपत्र विकत दिले जाते. जे सर्वांना मोफत आहे, त्याच्या मोफतपणाची पावती पैसे देऊन घ्यायची!

मुलांना एवढेच सुचवावेसे वाटते, की या कामात एकदा देऊन मोकळे होता येत नाही. विमानांच्या प्रणालीतही ही वही असते, आणि विमाने दशकानुदशके उडतात. दोष सापडला तर तो निस्तरायला कोणीतरी असावे लागते. मूठभर माणसांच्या या चमूने २०५० सालापर्यंत वहीची देखभाल करण्याचे जाहीर वचन दिले आहे आणि आजची वही तेव्हाही वाचता यावी म्हणून तिची मांडणी २००४ पासून मोडू दिलेली नाही.