शिंकेचा थेंब हवेत किती वेळ टिकतो?

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते तेव्हा एकदा नीट निरखून पाहा. शिट्टीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, कारण तिथे निव्वळ वाफ असते आणि खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. थोडं वर पांढरा ढग दिसतो, ते पाण्याचे बारीक थेंब. आणखी वर कोरड्या हवेत मिसळून ते गायब होतात. उन्हाळ्यात हा ढग पटकन विरतो, पावसाळ्यात मात्र बराच वेळ रेंगाळतो.

आपली शिंकही काहीशी अशीच असते. म्हणूनच घरात कुणी सर्दी-तापाने आजारी असेल, तर हे थेंब किती वेळात सुकतात हा प्रश्न फक्त शास्त्रज्ञांचा राहत नाही.

१९३४ मध्ये अमेरिकेतील विल्यम वेल्स या संशोधकाने याचं एक सोपं गणित मांडलं. मोठे थेंब सुकण्याआधीच जमिनीवर पडतात, तर लहान थेंब पडण्याआधीच सुकतात. या दोन्हींच्या मधली सीमा त्याने साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी धरली. थेंबाचा व्यास निम्मा झाला की सुकायला लागणारा वेळ निम्मा नाही, तर चौथा हिस्सा होतो. त्यामुळे १० मायक्रॉनचा थेंब साध्या कोरड्या हवेत सेकंदभरही टिकू नये. कोरोनाच्या काळात आपण जे अंतर पाळत होतो, त्यामागेही मोठे थेंब जवळच खाली पडतात हीच कल्पना होती.

पण वेल्सच्या गणितात प्रत्येक थेंब एकटा होता. खऱ्या शिंकेत तो एकटा नसतो. फुप्फुसांतून आलेली उबदार, ओलसर हवा त्याच्यासोबत ढगासारखी बाहेर पडते आणि त्या ढगात असंख्य भोवरे फिरत असतात.

आता तुम्ही म्हणाल, भोवरे असतील तर थेंब लवकरच सुकतील ना? वाऱ्यावर कपडे लवकर वाळतात तसे? मलाही तसंच वाटलं होतं. पण कपड्यांजवळची ओली हवा वारा घेऊन जातो आणि सतत नवी कोरडी हवा आणतो. इथे भोवऱ्यांसोबत थेंबही फिरतो आणि त्याच्याभोवतीची ओली हवाही फिरते. ढगाच्या कडेला बाहेरची कोरडी हवा आत ओढली जाते, तिथले थेंब सुकतात. आतले मात्र ओलाव्यात सुरक्षित राहतात. जणू सगळ्यांनी मिळून एकच ओली शाल पांघरलेली.

२०२१ मध्ये नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर हे सगळं मोजून दाखवलं. १० मायक्रॉनचे थेंब जुन्या गणितापेक्षा ३० पटींहून जास्त वेळ टिकले. बाहेरची आर्द्रता ९० टक्के धरली, तेव्हा तर सुमारे १५० पट! मुंबई, कोची, कोलकाता इथल्या पावसाळ्यात ९० टक्के आर्द्रता ही काही नवलाची गोष्ट नाही. शिंकेचा ढग ७ ते ८ मीटरपर्यंत जाऊ शकतो, हे एमआयटीच्या लिडिया बुरुईबा यांनी २०२० मध्येच सांगितलं होतं. आपल्याकडच्या वन बीएचकेत एवढं अंतर सापडायचं कुठे?

बरं, थेंब सुकला म्हणजे संपलं असंही नाही. पाणी उडून जातं, पण मीठ, शेंबडातली प्रथिनं आणि असलाच तर विषाणू यांचा सूक्ष्म कण मागे उरतो. तो हलका असल्याने हवेत तासन् तास तरंगू शकतो. बंद खोलीत नुसता पंखा लावला तर तो कण फक्त इकडून तिकडे फिरतो. त्याला बाहेर जायला वाट लागते. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर उत्तम, नाहीतर एक खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन. शिंकताना कोपराच्या आत तोंड धरलं किंवा रुमाल वापरला, तर हा ढग सुरुवातीलाच अडतो. आजी पदर तोंडावर धरायची ते बरोबरच होतं म्हणायचं.

गेल्या जुलैमध्ये माझ्या रूममेटला ताप आला. पाऊस आत येतो म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या लावून बसलो होतो. आठवड्याभरात तिघीही आडव्या झालो! कुणामुळे कुणाला झालं, हे सांगणं कठीण. पण आता कितीही पाऊस असला तरी बाल्कनीकडची खिडकी चार बोटं उघडी असते. पडदा भिजतो, आणि घरमालकीणबाईंची कुरकुर ऐकावी लागते.